वाचकांचे प्रश्न : सिएनाचा पालिओ

गेल्या अंकात इटलीतील जुन्या शहरांवर जो लेख आला होता, त्यात सिएनाच्या पालिओचा उल्लेख एका वाक्यात उरकला होता : तेथे शहराच्या मुख्य चौकात वर्षातून दोनदा घोड्यांची शर्यत होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यालाच द्यावे असे ठरले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि लांब पत्रांतील मुद्द्याचा भाग तेवढा घेतला आहे.

पालिओ मध्ययुगापासून अखंड चालत आला आहे, असे सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांत छापलेले असते. हे कितपत खरे आहे? (एक वाचक, पुणे)

निम्मे खरे आहे. सिएनात घोडे धावत आले आहेत ते तेराव्या शतकापासून, याबद्दल शंका नाही. १३१० मध्ये तर नगरसभेने ऑगस्टमधल्या शर्यतीला अधिकृत मान्यता देऊन तिचे नियमही करून दिले. मात्र ती शर्यत आजची नव्हे. ती वेशीपासून निघून शहराच्या रस्त्यांमधून थेट कॅथीड्रलच्या दिशेने धावत असे; घोडे सरदार-उमरावांचे असत आणि जिंकण्याचा मानही त्यांचाच. शहराच्या ज्या वस्त्या आज आपापला घोडा उतरवतात आणि पालिओचा प्राण आहेत, त्या वस्त्यांचे लोक चौकात बैलांच्या झुंजी लावत आणि पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस या झुंजी बंद पडल्यावर रेडे आणि गाढवे पळवीत. घोडे घेऊन चौकाला गोल फेऱ्या मारण्याची पद्धत सतराव्या शतकात रुजली, आणि २ जुलै १६५६ पासून ही शर्यत नगरप्रशासनाच्या देखरेखीखाली दरवर्षी व्हायची असे ठरले. प्रोवेन्झानो या भागातील मारियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, मूर्तीच्या सन्मानार्थ ती होते. ऑगस्टची दुसरी शर्यत १७०१ मध्ये प्रथम झाली. मारियेच्या स्वर्गारोहणाचा सण १५ ऑगस्टला असतो आणि शर्यत दुसऱ्या दिवशी, म्हणजे १६ तारखेला. तिला नियमितपणा यायला मात्र पुढे काही दशके जावी लागली.

आता या तारखांच्या मध्ये काय घडले ते पाहिले पाहिजे, कारण पालिओचा खरा इतिहास तेथे आहे. सिएना हे शतकानुशतके स्वतंत्र प्रजासत्ताक होते. १२६० मध्ये मोंतापेर्तीच्या लढाईत त्याने फ्लॉरेन्सचा असा पराभव केला की त्याचा अभिमान तेथील माणूस आजही कालच घडल्यासारखा बोलून दाखवतो. पुढे १५५५ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर, उपासमारीने हैराण होऊन, हे प्रजासत्ताक शरण आले आणि काही वर्षांतच फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या राज्यात सामील झाले. फौज गेली, तह करण्याचा अधिकार गेला, शत्रू-मित्र ठरवण्याची मुभा गेली. ज्या शंभर वर्षांत हे सारे हातून गेले, त्याच शंभर वर्षांत चौकातल्या शर्यतीने आकार घेतला, आणि त्या शर्यतीत फौज, तह, शत्रू, मित्र, कपट आणि विजयोत्सव हे सगळे लहान प्रमाणात शिल्लक राहिले. आमच्या मते हा योगायोग नाही. राज्यकर्त्यांनाही ते सोयीचे होते. आपसात भांडणारे शहर परक्या सत्तेशी भांडत नाही.

शर्यतीच्या चौकटीतील बरेच काही अठराव्या शतकात नक्की झाले. १७२० च्या शर्यतीत सर्व सतरा वस्त्यांचे घोडे एकदम धावले आणि अपघात झाले, म्हणून १७२१ च्या नियमावलीने ही संख्या दहावर आणली. ती आजही दहाच आहे. पुढे शहराची कारभारीण बव्हेरियाची राजकन्या व्हिओलान्ते बेआत्रिचे हिने वस्त्यांच्या सीमा रस्त्यागणिक आखून दिल्या. १७२९ चे म्हणून ओळखले जाणारे ते फर्मान सिएनात अजून प्रमाण मानले जाते, आणि कुठल्या घराचा कुठल्या वस्तीत समावेश होतो यावर वाद निघाला की आजही त्याचाच आधार घेतला जातो.

राहिला प्रश्न त्या मखमली पोशाखांचा. शर्यतीआधी जी ऐतिहासिक मिरवणूक निघते तिच्यातले पोशाख पंधराव्या शतकातील वळणाचे असले तरी ते जुने नाहीत. मध्ययुगाचे वेड एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरले, त्या वेडातून या मिरवणुकीला आजचे रूप येत गेले. पोशाख त्यानंतर अनेकदा नव्याने शिवले गेले. सध्याचा संच १९८१ चा आहे. तेव्हा माहितीपत्रकातील छायाचित्र मध्ययुगाचे आहे असे समजू नये. मध्ययुगाची आठवण काढण्याची एक जुनी आणि जिवंत रीत, एवढेच त्याचे वर्णन करता येईल.

या वस्त्यांची मंडळे आपल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांसारखी असतात का? त्यांची संख्या सतराच का? (एक वाचिका, नाशिक)

वर्गणी, स्वयंसेवक, तरुणांची धावपळ आणि शेजारच्या आळीशी चुरस हे पाहता साम्य आहे खरे. फरक सदस्यत्वात आहे. मंडळ आपण निवडतो, सोडतो, नवे काढतो. सिएनातील ‘कॉन्त्रादा’ म्हणजे वस्ती किंवा आळी सहसा जन्माने मिळते. मूळ नियम असा की ज्या हद्दीत जन्म, ती आपली आळी; आता बाळंतपणे इस्पितळात होतात आणि बरेच लोक तटाबाहेरच्या नव्या भागात राहतात, म्हणून आई-वडिलांच्या आळीवरून ते ठरते. मुलाचा चर्चमधला बाप्तिस्मा वेगळा आणि आळीचा वेगळा. प्रत्येक आळीचा स्वतःचा लहानसा कारंजा असतो. आळीच्या वार्षिक सणाच्या दिवशी त्या कारंज्याच्या पाण्याने मुलाला आळीत घेतले जाते आणि गळ्यात आळीच्या रंगांचा रुमाल बांधला जातो. प्रत्येक आळीचे स्वतःचे चर्च, जिंकलेल्या निशाणांचे संग्रहालय, तबेला आणि सभासदांनी बारा महिने एकत्र यावे यासाठी क्लबवजा जागा असते. म्हाताऱ्यांची विचारपूस, मुलांना ढोल आणि निशाण फेकण्याचे शिक्षण, अडल्यानडल्याला मदत ही कामे घोडा नसलेल्या साडेअकरा महिन्यांत चालतात. पती एका आळीचा आणि पत्नी दुसरीची असेल, तर पालिओच्या चार दिवसांत दोघांनी आपापल्या माहेरी राहावे ही रीत आजही पाळली जाते. वैरी आळ्यांमधले लग्न असेल तर विचारायलाच नको.

सतरा नावांमध्ये गरुड, सुरवंट, गोगलगाय, घुबड, ड्रॅगन, जिराफ, साळिंदर, एकशिंगी घोडा, लांडगीण, शिंपला, हंसीण, लाट, बिबळ्या, अरण्य, कासव, बुरूज आणि मेंढा आहेत. पूर्वी ही संख्या अधिक होती. १६७५ च्या सुमारास कोंबडा, सिंह, अस्वल, ओक वृक्ष, तलवार आणि नागीण या सहा आळ्या बाद झाल्या. त्यांच्या हद्दी शेजाऱ्यांनी वाटून घेतल्या, परंतु मिरवणुकीत त्यांचे सहा स्वार चेहऱ्यावर शिरस्त्राण ओढून, मुका मान घेत आजही चालतात.

वैरांच्या जोड्या ठरलेल्या आहेत : कासव आणि गोगलगाय, हंसीण आणि बुरूज, साळिंदर आणि लांडगीण, शिंपला आणि मेंढा. कारणे विचारली तर बहुधा हद्दीचा जुना तंटा निघतो, किंवा असेही उत्तर मिळते की कारण कोणालाच आठवत नाही. वैर हे केवळ भावनेपुरते नसते, ते डावपेचात उतरते. आपण जिंकावे ही पहिली इच्छा आणि वैऱ्याने जिंकू नये ही दुसरी. कित्येक आळ्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा लावावा लागेल. ज्या आळीने सर्वांत जास्त वर्षे पालिओ जिंकलेला नसतो, तिला सारे शहर ‘आजी’ म्हणून चिडवते. बुरूज आळी १९६१ मध्ये जिंकली, त्यानंतर थेट २००५ मध्ये. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. लांडगीण आळीने १९८९ नंतर २०१६ पर्यंत वाट पाहिली आणि मग जुलै आणि ऑगस्ट अशा दोन्ही शर्यती त्याच वर्षी, त्याच घोडीवर आणि त्याच स्वारासह जिंकल्या.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आम्ही वर्षानुवर्षे जातो. घोड्याची वंशावळ, वजन आणि जॉकी पाहून पैसे लावतो. पालिओत सट्टा कसा चालतो आणि बक्षीस किती असते? (एक वाचक, मुंबई)

पालिओत टोट (रेसकोर्सने चालवलेला अधिकृत सट्टा) नाही, बुकी नाही आणि बक्षिसाची रक्कमही नाही. जिंकणाऱ्या आळीला रेशमाचे, दरवेळी नव्याने रंगवून घेतलेले एक उभे निशाण मिळते. सिएनातले लोक त्याला लाडाने ‘चिंधी’ म्हणतात. ही चिंधी रंगवण्यासाठी कधी स्थानिक चित्रकाराला बोलावतात, तर कधी नामांकिताला. १९७१ मध्ये रेनातो गुत्तुझो आणि २००२ मध्ये फेर्नांदो बोतेरो यांनी ती रंगवली. उलट जिंकणाऱ्यालाच पैसे मोजावे लागतात. ते कसे, हे समजण्यासाठी घोडा कसा मिळतो ते आधी पाहू.

शर्यतीच्या तीन दिवस आधी, म्हणजे २९ जून आणि १३ ऑगस्टच्या सकाळी, खाजगी मालकांनी आणलेल्या घोड्यांना चौकात पळवून पाहतात आणि धावणाऱ्या दहा आळ्यांचे कप्तान त्यांतून दहा घोडे निवडतात. येथे गंमत अशी की सर्वांत वेगवान घोडा पुष्कळदा मुद्दाम वगळला जातो, कारण तो वैऱ्याच्या वाट्याला गेला तर काय, ही भीती प्रत्येकालाच असते. मग नगराध्यक्षांसमोर दोन पात्रांतून चिठ्ठ्या निघतात : एकातून घोड्याचा क्रमांक, दुसऱ्यातून आळीचे नाव. एकेक जोडी पुकारली जाते तशी चौकातल्या गर्दीतून एकदा आनंदाची आरोळी उठते आणि एकदा शांतता पसरते. चांगला घोडा मिळालेल्या आळीचे थोराड पुरुष हमसून रडत घोड्यामागे धावत तबेल्याकडे निघतात, आणि वाईट घोडा मिळालेले खाली मान घालून चालतात. हा घोडा बदलता येत नाही. तो जायबंदी झाला तर आळी शर्यतीतून बाद होते. म्हणून त्या चार दिवसांत आळीचा मोतद्दार घोड्याशेजारीच झोपतो आणि तबेल्याभोवती रात्रंदिवस पहारा असतो.

स्वार मात्र भाड्याचा असतो. तो बहुधा सार्डिनियाच्या बेटावरचा, किंवा तेथील वंशाचा. शर्यतीच्या दिवशी सकाळी नाव नोंदवले जाईपर्यंत त्याला बदलता येते. यांपैकी सर्वांत गाजलेला आन्द्रेआ देगोर्तेस, ज्याला सारे ‘अचेतो’ म्हणत, त्याने १९६५ ते १९९२ या काळात चौदा पालिओ जिंकले. भाड्याच्या सैनिकावर जितका विश्वास ठेवतात तितकाच या स्वारांवर ठेवला जातो, कारण कप्तानांमधले गुप्त करारमदार हा पालिओचा अविभाज्य भाग आहे. आपला घोडा दुबळा असेल तर वैऱ्याचा मार्ग अडवण्याबद्दल, किंवा एखाद्याला वाट मोकळी करून देण्याबद्दल पैसे ठरतात. ते देणे लागते ते करार करणारा जिंकला तरच. साहजिकच विजयानंतर देण्यांची यादी लाखो युरोंत जाते आणि आळीचे सभासद ती वर्गणीतून फेडतात. बाहेरच्याला ही लाचखोरी वाटेल. सिएनाच्या माणसाला ती मुत्सद्देगिरी वाटते, आणि जे शहर एकेकाळी खरोखरचे तह करीत होते त्याच्या तोंडी हा शब्द शोभतो असे आम्हाला वाटते.

वंशावळ पाहून अंदाज बांधणाऱ्या वाचकांचा येथे थोडा हिरमोड होईल. सोडत, करार आणि सुरुवातीच्या जागा या तीन गोष्टी मिळून घोड्याच्या रक्ताला फारशी किंमत उरू देत नाहीत. दुसऱ्या क्रमांकालाही काही मिळत नाही. जुन्या जाणत्यांच्या मते तोच खरा पराभूत.

चित्रफितीत पाहिले तर घोडे दोराजवळ अर्धा-अर्धा तास नुसते घुटमळत असतात आणि धावतात जेमतेम सव्वा मिनिट. सुरुवातीला एवढा वेळ का लागतो? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

कारण शर्यतीचा निकाल बऱ्याच अंशी तेथेच लागतो. दोन जाड दोरांच्या मधल्या जागेत नऊ घोडे ठरलेल्या क्रमाने उभे राहतात. हा क्रम आयत्या वेळी सोडतीने निघतो, आणि लिफाफा उघडेपर्यंत कोणालाही ठाऊक नसतो. दहावा घोडा दोरांच्या बाहेर, मागे थांबतो. तो दौडत आत शिरला की पुढचा दोर खाली पडतो आणि शर्यत सुरू होते. म्हणजे कधी निघायचे हे दहाव्या स्वाराच्या मनावर असते. तो पाहत राहतो की आपल्या आळीचा वैरी केव्हा पाठमोरा झाला आहे, ज्याच्याशी करार झाला तो केव्हा नीट उभा आहे. आतले नऊजणही एकमेकांना ढकलत, जागा चोरत, दबक्या आवाजात शेवटचे सौदे करीत असतात. रांग बिघडली की सुरुवात करून देणारा पंच सगळ्यांना बाहेर काढतो आणि पुन्हा पहिल्यापासून. हे तासभरही चालते, आणि अंधार पडला तर शर्यत दुसऱ्या दिवसावर जाते.

एकदा दोर पडला की तीन फेऱ्या, सुमारे हजार मीटर. चौक शिंपल्यासारखा खोलगट आणि उतरता आहे; दगडी फरसबंदीवर त्या दिवसांपुरती पिवळसर मातीची जाड थर दाबून बसवतात. घोड्यावर खोगीर नसते. स्वाराच्या हातात बैलाच्या वाळवलेल्या शिश्नापासून केलेला चाबूक असतो आणि तो घोड्यावर तसाच शेजारच्या स्वारावरही चालवायला मुभा आहे. दुसऱ्याचा लगाम धरायला मात्र मनाई आहे. सान मार्तीनोच्या वळणावर उतार आणि काटकोन एकत्र येतात. तेथे भिंतीला गाद्या लावलेल्या असतात, आणि बहुतेक पडझड तेथेच होते.

स्वार पडला तरी घोडा जिंकू शकतो, हे खरे का? आणि स्त्रियांनी कधी ही शर्यत धावली आहे का? (एक वाचिका, नागपूर)

दोन्हींचे उत्तर होय. स्पर्धक आळी असते आणि तिच्या वतीने धावतो तो घोडा, स्वार नव्हे. घोडा पहिला आला की आळी जिंकली. अलीकडचे उदाहरण रेमोरेक्स या घोड्याचे. त्याने ऑक्टोबर २०१८ च्या विशेष पालिओत कासव आळीला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये अरण्य आळीला पाठीवर कोणी नसताना जिंकून दिले. स्त्रियांपैकी व्हर्जिनिया ताच्ची ही चौदा वर्षांची मुलगी १५८१ मध्ये ड्रॅगन आळीसाठी धावल्याची नोंद आहे. ती शर्यत आजच्या पद्धतीची नव्हती. आजच्या पद्धतीच्या शर्यतीत रोझान्ना बोनेल्ली ऑगस्ट १९५७ मध्ये गरुड आळीकडून धावली. ती पडली, म्हणून जिंकली नाही, तरी सिएनात तिचे नाव अजून घेतले जाते.

महायुद्धांच्या काळात आणि कोविडमध्ये ही परंपरा खंडित झाली का? (एक वाचक, ठाणे)

झाली. दोन्ही महायुद्धांच्या वर्षांत आणि २०२० व २०२१ मध्ये पालिओ झाला नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर २० ऑगस्ट १९४५ रोजी ‘शांततेचा पालिओ’ म्हणून विशेष शर्यत घेण्यात आली. ती ड्रॅगन आळीने जिंकली. आपणच जिंकणार अशी पुरेपूर खात्री बाळगून असलेल्या सुरवंट आळीच्या लोकांना ते सहन झाले नाही, मारामारी झाली आणि निशाण फाडले गेले. शांततेच्या पालिओचा शेवट असा व्हावा, यावर सिएनातले लोकही हसतात. विशेष पालिओची प्रथा जुनी आहे : १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला म्हणून आणि २००० मध्ये नव्या सहस्रकानिमित्त तो झाला.

आमच्याकडे बैलगाडा शर्यतींवर न्यायालयात वर्षानुवर्षे खल झाला. इटलीत घोड्यांच्या हालांबद्दल कोणी बोलत नाही का? (एक शेतकरी वाचक, सांगली जिल्हा)

बोलतात, आणि मोठ्या आवाजात बोलतात. १९७० नंतर पालिओत सुमारे पन्नास घोडे दगावले, असे इटलीतील प्राणिहक्क संघटना सांगतात. ऑक्टोबर २०१८ च्या विशेष शर्यतीत राओल नावाचा घोडा पडून जखमी झाला आणि त्याला मरण द्यावे लागले, तेव्हा देशभर निषेध झाला. २०११ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीसाठी पालिओचे नाव पुढे करण्याचा विचार होता. त्या वेळच्या पर्यटनमंत्र्यांनीच घोड्यांच्या प्रश्नावरून विरोध केला आणि नाव मागे पडले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २००० पासून सिएनाने शुद्ध थरोब्रेड घोड्यांना मज्जाव केला आहे. त्या जातीचे लांब, बारीक हाडांचे पाय सपाट मैदानावर वेग घेण्यासाठी घडलेले असतात, चौकाच्या तीव्र वळणांसाठी नाहीत. म्हणून आता मिश्र रक्ताचे, अधिक दणकट घोडे धावतात. २००९ मध्ये राष्ट्रीय पातळीवरच्या सरकारी आदेशाने अशा पारंपरिक शर्यतींसाठी सुरक्षेचे नियम घातले. पशुवैद्यकीय तपासणी, वर्षभराच्या प्रशिक्षणाची नोंद, गाद्यांचे अडसर, जखमी घोड्यांवर उपचार आणि निवृत्तांसाठी कुरण या गोष्टी शहर आपल्या खर्चाने करते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या इटलीच्या २००४ च्या कायद्यात ऐतिहासिक आणि सांस्कृतिक कार्यक्रमांना सवलत ठेवलेली आहे, आणि पालिओ तिच्या आधाराने उभा आहे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घातलेली बंदी, २०१७ चा महाराष्ट्राचा कायदा, डिसेंबर २०२१ मध्ये मिळालेली परवानगी आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने उचलून धरलेले कायदे हा प्रवास आपल्याला माहीत आहेच. दोन्हीकडे ‘परंपरा’ हा मुद्दा पुढे केला गेला. आमचे मत विचाराल तर परंपरेच्या वयावरून प्राण्याचे हाल क्षम्य ठरत नाहीत. त्याच वेळी हेही दिसते की सिएनाने जे बदल केले ते टीका झाली म्हणूनच झाले, आणि तरीही शर्यतीचा जोम कमी झाला नाही. आळीतला माणूस घोड्यावर जीव टाकतो, यात खोटे काही नाही. शर्यतीच्या दुपारी घोड्याला आळीच्या चर्चमध्ये वेदीसमोर नेतात, धर्मगुरू त्याला आशीर्वाद देऊन सांगतो, “जा, आणि विजयी होऊन परत ये.” घोड्याने तेथेच लीद टाकली तर तो शुभशकुन मानतात. विजयानंतर शरद ऋतूत आळीच्या रस्त्यावर जी मोठी पंगत बसते, तिच्यात मानाची जागा घोड्याची असते. पण ज्या प्रेमात प्रेमविषयाला स्वतःचा धोका निवडता येत नाही, त्या प्रेमावर प्रश्न विचारला जाणारच.

एवढा खर्च कोण करते? सरकार, प्रायोजक की पर्यटक? (एक वाचक, औरंगाबाद)

मुख्यतः आळ्यांचे सभासद. घोड्यांच्या अंगावर किंवा चौकात जाहिराती लावू दिल्या जात नाहीत. दीर्घकाळ मोठा आधार होता तो मोंते देई पास्की या १४७२ मध्ये सिएनात स्थापन झालेल्या बँकेचा. जगातील चालू बँकांमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. २०१३ च्या सुमारास ती बँक घोटाळ्याच्या आणि तोट्याच्या गर्तेत सापडली आणि हा आधार आटला. आळ्यांनी जेवणावळी, वर्गण्या आणि देणग्यांवर भागवले.

आम्ही युरोपात राहतो आणि पुढच्या उन्हाळ्यात कुटुंबासह पालिओ पाहायला जाण्याचा विचार आहे. काय तयारी करावी? (एक मराठी कुटुंब, लंडन)

चौकाच्या मध्यभागी उभे राहून शर्यत पाहणे विनामूल्य आहे. भोवतालच्या बाकांची आणि सज्जांची तिकिटे मात्र महाग असतात आणि फार आधी संपतात. मध्यभागी जायचे तर दुपारीच आत शिरावे लागते. मिरवणूक सुरू होण्याच्या सुमारास दरवाजे बंद होतात आणि संध्याकाळी सात-साडेसातच्या शर्यतीपर्यंत बाहेर पडता येत नाही. आत सावली नाही, स्वच्छतागृहाची सोय नाही, गर्दी खच्चून असते. लहान मुले बरोबर असतील तर आम्ही हा बेत सुचवणार नाही. त्याऐवजी घोडे वाटल्याच्या संध्याकाळपासून शर्यतीच्या दिवशीच्या सकाळपर्यंत सकाळ-संध्याकाळ ज्या सहा चाचणी दौडी होतात, त्यांतली एखादी पाहावी. गर्दी बेताची असते, घोडे तेच, स्वार बहुधा तेच, आणि आळ्यांची मुले बाकांवर बसून एकमेकांना डिवचणारी गाणी म्हणत असतात ती जवळून ऐकू येतात. आदल्या संध्याकाळच्या दौडीनंतर प्रत्येक आळी आपल्या रस्त्यावर लांबलचक टेबले मांडून हजारो लोकांना जेवू घालते. त्या पंगतीची काही तिकिटे बाहेरच्यांनाही आळीच्या कार्यालयातून मिळतात, आणि ते जेवण शर्यतीइतकेच पाहण्यासारखे असते.

गळ्यात एखाद्या आळीचा रुमाल हौसेने बांधून वैरी आळीत फिरू नये. कोणी मारणार नाही, पण ते असभ्य समजले जाते. मिरवणूक दोन तासांहून अधिक चालते आणि तिच्या शेवटी चार पांढऱ्या बैलांच्या रथातून निशाण येते, तोवर थांबण्याची मुलांची तयारी आहे का ते पाहावे. आणखी एक गोष्ट : पाऊस पडून माती निसरडी झाली तर नगरभवनाच्या खिडकीत हिरवे निशाण लावतात आणि शर्यत पुढे ढकलली जाते. २०२४ मध्ये जुलैची शर्यत ४ तारखेला आणि ऑगस्टची १७ तारखेला झाली. परतीचे विमान लगेच दुसऱ्या दिवसाचे काढू नये.